ब्रेकवरचा पाय

कळंबोलीच्या गॅरेजात रंजिताताईंचा टेम्पो पावसाळाभर बंद पडून होता. आज तेजसने इंजिनचा बिघडलेला कॉम्प्युटर काढून भंगारातल्या टेम्पोचा बसवला, चावी फिरवली, आणि पहिल्याच फटक्यात इंजिन गरजलं!

"चालू झाला रे माझा वाघ!" ताईंनी टाळ्या पिटल्या.

तेजसला आनंद आवरेना. लांब वायरीचा स्कॅनर घेऊन तो खाली उतरला. त्याच्या पडद्यावरचे सगळे आकडे झकास होते. फक्त ब्रेक दाबलेला दिसत होता.

"ताई, ब्रेकवरून पाय काढा," तो मान वर न करताच ओरडला.

"मी कुठं गाडीत हाय? पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवतेय!"

तेजस हसला. सेन्सर येडा झाला असणार. त्याने उघड्या दारातून आत पाहिलं.

सीट रिकामी होती. ब्रेकचं पेडल मात्र खरंच खालपर्यंत दाबलेलं होतं.

मग शेजारचा क्लचही खाली गेला. गिअरचा दांडा पहिल्यावर सरकला.

"तेजस, थांब हां, दुसऱ्या चाकाचं लिंबू राहिलंय!" गाडीपुढून ताईंचा खुशीतला आवाज आला.

ब्रेकचं पेडल सावकाश वर येऊ लागलं.