पान्हा

कार्तिकातल्या थंडीत गोठ्याच्या दाराशी चुलते आणि म्हैस न्यायला आलेला व्यापारी उभे होते. तिला सांभाळणारे अण्णा गेल्यापासून म्हैस कुणालाच धार काढू देत नव्हती. आज पान्हावली नाही, तर ती दावणीवरून सुटणार होती.

अण्णांच्या लेकीने रोजच्यासारखा साडीवर त्यांचा सदरा चढवला होता. वासाने तरी म्हैस फसेल, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. म्हशीने सदरा हुंगला आणि आजही लाथेने बादली उडवली.

"पोरी, ती काय येडी आहे?" चुलते हसले. "माणूस कळतो तिला!"

"मग खरं तेच सांगते."

तिने सदरा काढून खुंटीला अडकवला, बादली पुन्हा मांडली आणि म्हशीच्या पोटाला कपाळ टेकवलं. इतक्या दिवसांत जे तोंडातून निघालं नव्हतं, ते निघालं.

"अण्णा गेले गं, काजळे. आता मीच आहे."

म्हशीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, लांब श्वास सोडला. सड भरून आले. पहिली धार बादलीत खणखणत पडली. बघता बघता फेस काठाला आला.

"काका, पाहुण्यांना बसवा," ती आतूनच ओरडली. "दूध पिऊन जाऊ द्या त्यांना. म्हैस काही मिळायची नाही!"