लुटुपुटीची चौकशी

“सभासदाला चौकशीला एकटं पाठवायचं नाही,” असं आमचे पहिले अध्यक्ष बजावून गेले होते. नायजेरियातल्या इबादानच्या आमच्या प्राध्यापक संघटनेच्या कार्यशाळेत हाच धडा शिकवत होते. डीनच्या भाच्याला नापास केलं म्हणून आमची सभासद मोरेनिके हिची नोकरी धोक्यात होती. खरी चौकशी दुपारी एकला होती. सकाळी कार्यशाळेत सरावासाठी केलेल्या लुटुपुटीच्या चौकशीतही तिलाच आरोपी केलं. एकेक कॉम्रेड तिच्यासाठी गरजला, टाळ्या पडल्या, फोटो निघाले. पावणेएकला तिने विचारलं, “माझ्याबरोबर कोण येतंय?” “बाई, आधी पोटोबा. सकाळभर तुझीच बाजू मांडली ना?” जोलोफ भाताच्या रांगेतून सचिव म्हणाले. आताचे अध्यक्ष वाकून कोंबडीची तंगडी शोधत होते. माझा बुधवारचा उपास होता. नसता तरी त्या पंगतीत घास उतरला नसता. “मी येते,” मी तिला म्हटलं. “मॅडम, प्रमाणपत्रं जेवणानंतर आहेत हं,” सचिवांनी हटकलं. मी प्रार्थना पुटपुटत तिच्याबरोबर निघाले.