एकाच कानातला कान

"मॅडम, दागिना एकाच कानात घालायचा, हे तुम्हाला पन्नास वर्षांपूर्वी सुचलं तरी कसं?"

माझ्या जुन्या खोट्या दागिन्यांच्या प्रदर्शनात निवेदिकेने माईक माझ्यापुढे धरला. तिच्या डाव्या कानावर माझ्याच त्या पितळी 'काना'ची नक्कल होती. अख्खा कान झाकतो, म्हणून दागिन्याचं नावही कानच. उजवीकडे साधी कुडी. माझं नाव झालं ते याच दागिन्यावर. नायिकेने तो घातलेला सिनेमा आला आणि लग्नघरी पोरी एकच कान झाकून मिरवू लागल्या.

"ताईंनी तासाभरात घडवला हो!" पहिल्या रांगेतून त्या सिनेमाचे निर्माते ओरडले. वय नव्वद, तोंडात पेढा.

संवाद विसरली म्हणून या माणसाने नायिकेचा झुमका धरून ओढला होता. फाटलेल्या पाळीवर रुमाल दाबून ती मेकअपच्या खोलीत माझ्यासमोर बसली होती. डॉक्टरला बोलवा, असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "रुमाल जरा बाजूला कर, माप घेते." रक्त थांबलं नव्हतं. तिने रुमाल काढला. दुपारी शूटिंग सुरू झालं.

मी निवेदिकेच्या कानावरचा 'कान' हलकेच उतरवला.

"पोरी, हा दागिना नाही, पट्टी आहे. जखम त्या पेढेवाल्याने केली," मी माईकवर म्हणाले, "आणि ती मिरवायला मी शिकवलं."