डावीकडे तीस अंश

"तीस अंश डावीकडे! तसेच पुढे चला!" मिस्त्री वायरलेसवर ओरडले.

गच्चीवर धुकं इतकं, की हातभर पलीकडचं दिसेना. त्या धुक्यापलीकडे समुद्रात कुठेतरी त्यांची लेक होती. अँटेनाची चाचणी घ्यायला ती सकाळी एकटीच छोटी बोट घेऊन गेली आणि बोट खडकावर आपटली. "बाबा, पाणी शिरतंय. फार तर अर्धा तास निघेल," एवढं बोलली आणि आवाज तुटला. आता बोटीवरचा ट्रान्समीटर तेवढा सिग्नल देत होता. तो कुठून येतोय हे सांगणारं यंत्र अख्ख्या किनाऱ्यावर एकच होतं. बापलेकीने मिळून केलेलं.

यंत्र कसलं, लोक त्याला सरळ भंगार म्हणायचे. एका फळीवर पत्र्याचे सोळा तुकडे, प्रत्येकामागे एक चकती, आणि चकत्या फिरवायला खेळण्यातल्या मोटारी. चकत्या फिरल्या की फळी जागची न हलता अँटेनाचे कान वळायचे. गणित लेकीचं, प्रोग्राम तिच्या ओळखीतल्या एका बाईने लिहिलेला, हात मिस्त्रींचे. त्या हातांबद्दल कोणी ब्र काढलेला त्यांना खपत नसे. चूक दाखवली की स्वारी दोन-दोन दिवस घुम्यासारखी बसायची.

लेकीला आणायला धाडलेली लाँच डावीकडे निघून पंधरा मिनिटं झाली होती. "मिस्त्री, इथे काहीच दिसत नाही हो!" लाँचवाला म्हणाला.

एखादी तार तर सुटली नाही ना? मिस्त्री फळीच्या समोर गेले आणि त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. कारखान्यात ते कायम फळीकडे तोंड करून बसायचे. आपल्या डाव्या हाताला 'डावी' लिहून त्यांनी तशाच तारा जोडल्या होत्या. पण इथे फळी समुद्राकडे तोंड करून उभी होती. तिची डावी बाजू म्हणजे त्यांची उजवी!

"अरे देवा! मीच लाँच उलटी धाडली!"

ते वायरलेसकडे धावले. "फिरा मागे! उजवीकडे घ्या, उजवीकडे! तारा मी उलट्या जोडल्यात!" जन्मात पहिल्यांदा त्यांनी चूक कबूल केली, तीही सगळ्या बंदराच्या कानावर.

"नक्की ना? आता वळलो तर परत इकडे यायला वेळ नाही उरणार."

"अहो, माझी लेक आहे ती! वळा म्हणतो ना!"

लाँच वळली. मिस्त्री हात जोडून यंत्राच्या पडद्यासमोर बसले. दहा मिनिटं गेली, बारा गेली. पडद्यावरची सिग्नलची रेघ थरथरली आणि नाहीशी झाली.

तेवढ्यात प्रोग्राम लिहिणारी ती बाई, बोट आपटल्याचं कळून, धापा टाकत जिना चढून आली. पडद्याकडे तिचं लक्षही नव्हतं.

"काका, अजिबात घाबरू नका, दिशा अगदी बरोबर दाखवतंय ते," ती म्हणाली. "तारा उलट्या आहेत हे तुमच्या लेकीला कालच कळलं होतं. माझ्याकडून तिने प्रोग्राममध्ये डावं-उजवं बदलून घेतलं. म्हणाली, बाबांना सांगू नकोस, उगाच मनाला लावून घेतात."