तीन शिट्ट्या

“अजून खोका ऐकू येतोय,” असं म्हणत मधुकाका पाटणकरांनी स्पीकर बंद केला.

सलिलने कपाळावर हात मारला. वडिलांच्या तोंडून हे वाक्य ऐकण्यात त्याची उमेदीची निम्मी वर्षं गेली होती. समोर खुर्चीत नीरजा बसली होती. ती ठाण्याला दातांची डॉक्टर होती आणि गाण्याची वेडी होती. स्पीकरच्या या एका जोडीसाठी तिची डोंबिवलीला ही तिसरी खेप. जोडी तिला पहिल्याच खेपेला आवडली होती. पण पाटणकरांकडे गिऱ्हाइकाला आवडून भागत नसे. मधुकाकांना आवडावं लागे, आणि मधुकाकांना स्वतःचं काहीही आवडत नसे.

सगळा कारखाना त्यांच्या तळमजल्यावरच्या घरातच होता. स्पीकरची लाकडी खोकी आंबिवलीचा सुतार करून देई, तारा सलिल जोडी, पॉलिश त्याची बायको मैथिली करी आणि नापास मधुकाका करत; आवाजात खोक्याचा घुमारा जरासाही ऐकू आला की संपलं. त्यांच्या कानांचा घरात मोठा दरारा होता. शेजारच्या इमारतीची लिफ्ट कितव्या मजल्यावर थांबली, हे ते बसल्या जागेवरून सांगत. कुणी विचारलेलं नसलं तरी सांगत.

गाणं लावून स्पीकर पारखणं त्यांना मंजूर नव्हतं. “गाणं काय, कशावरही गोड लागतं,” ते म्हणत. म्हणून त्यांनी दोनेक वर्षांपूर्वी ओट्याशी माइक लावून आपल्याच कुकरच्या शिट्ट्या रेकॉर्ड केल्या होत्या. एकूण तीन. प्रत्येक जोडीची परीक्षा त्या तीन शिट्ट्यांवर होई. ज्या दिवशी त्या ऐकून घरातलं माणूस गॅस बंद करायला उठेल, त्या दिवशी जोडी घराबाहेर पडेल, असा त्यांचा पण होता. आजवर कुणी उठलं नव्हतं. उठणार तरी कसं? सगळे समोर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत असायचे.

“बाबा, आज ही जोडी गेली नाही ना, तर मी पुण्याच्या कंपनीला नोकरीसाठी हो सांगून टाकतोय,” सलिल म्हणाला. “मैथिली पण येतेय. इथे नुसतं नापास व्हायला किती दिवस बसायचं?”

“जा. खोका ऐकू येत असताना मी माल द्यायचा नाही.”

हे बोलताना मधुकाकांचा आवाज चिरकला. तेवढा मात्र त्यांना ऐकू आला नाही.

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या सरोजकाकूंना तो नीट ऐकू आला. मुलगा-सून गेल्यावर या घरात एक हट्टी म्हातारा, चौदा स्पीकर आणि आपण, एवढंच उरणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. त्या पदराला हात पुसत पुढे आल्या.

“डॉक्टर, जेवायची वेळ झालीये, तशा जाऊ नका. वरणाचा कुकर लावलाय, होईलच एवढ्यात.” आणि त्या आत गेल्या.

“काका, तोवर एकदा परत ऐकवाल?” नीरजा म्हणाली. “मला खरंच कुठे खोका ऐकू येत नाही हो.”

मधुकाकांनी शिट्ट्या पुन्हा लावल्या. एक झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. ते डोळे मिटून ऐकत होते. शेवटी त्यांनी मान हलवली. नाहीच. सलिल उठला आणि पानं घ्यायला गेला.

नीरजाने वरणभाताचा पहिला घास घेतला आणि तिच्या दाढेखाली कट्‌कन आवाज झाला. पाहुणी भिडस्त होती. दातांचीच डॉक्टर असल्यामुळे चावायची तिला धास्ती नव्हती. ती चावत राहिली. पण मधुकाकांचे कान ते.

“सरोज, डाळ कच्ची आहे.”

“अगंबाई!” सरोजकाकूंनी गालावर हात ठेवला. “असं कसं होईल? चांगल्या तीन शिट्ट्या मोजल्या मी आणि मगच गॅस बंद केला.”

मधुकाकांनी पानातला एक कच्चा दाणा चिमटीत धरला, उजेडाकडे नेऊन पाहिला, तोंडात टाकला आणि कडाकडा चावला. मग त्यांनी हॉलमधल्या जोडीकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले.

“सलिल,” ते म्हणाले, “जेवण झालं की टेम्पो बोलाव. जोडी आजच ठाण्याला जाऊ दे.”

सलिलने जेवण होईपर्यंतही दम धरला नाही. डाव्या हाताने फोन काढून त्याने पुण्याच्या कंपनीला नकार कळवून टाकला. मधुकाकांनी तर ते वरण दोनदा मागून घेतलं. इतकं सुरेख वरण या घरात कधी झालं नव्हतं, असं ते म्हणाले आणि ते त्यांना मनापासून वाटतही होतं.

उरलेली डाळ पुन्हा शिजवायला मैथिली आत आली. तिने कुकरचं झाकण हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि ती थबकली.

“आई, पण याची रिंग तर गणपतीपासून सैल झालीये. सगळी वाफ कडेनेच जाते. शिट्टी होतच नाही. आपण रोज घड्याळ बघून गॅस बंद करतो ना?”

सरोजकाकूंनी आधी हॉलकडे नजर टाकली. तिथे मधुकाका नीरजाला, शेजारची लिफ्ट आत्ता चौथ्या मजल्यावर थांबली, असं सांगत होते.

“हळू बोल गं,” त्या म्हणाल्या. “यांचे कान फार तिखट आहेत.”