विहिरीचा दोर

मी तपासलं तेव्हा गावच्या नळाच्या पाण्यात नायट्रेट मर्यादेच्या दुप्पट निघालं. आमच्या चर्चच्या विहिरीचं पाणी मात्र चांगलं होतं.

उपासनेनंतर मी मंडळीला हे सांगितलं. “विहीर गावाला खुली करू,” पाळकसाहेब म्हणाले. सगळ्यांनी एस्तेरमावशींकडे पाहिलं. लहानपणी गावच्या विहिरीवर त्यांना दोराला हात लावू देत नसत. कोणी वरून ओतेल तेवढंच पाणी मिळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंचबाई कळशी घेऊन आल्या आणि संकोचून लांबच उभ्या राहिल्या. पाळकसाहेबांनी घाईघाईनं पाणी शेंदून पोहरा त्यांच्या कळशीवर धरला.

“थांबा, पाळकसाहेब!” मावशी ओरडल्या. पोहरा हिसकावून त्यांनी पुन्हा विहिरीत सोडला आणि दोर सरपंचबाईंच्या हातात दिला. “घ्या बाई, तुम्हीच शेंदा. इथं कोणी कोणाला वरून ओतत नाही.”