ढाल फोडायची रीत

आमच्या पोलंडात सरदारघराण्यातला शेवटचा पुरुष गेला, की त्याच्या शवपेटीवर घराण्याची ढाल फोडतात. म्हाताऱ्या झारेंबिन्स्कींच्या पेटीपाशी पाद्रीबाबांनी विचारलं, "या घराण्याचा कुणी आहे का?"

गावानं माना खाली घातल्या.

"माझे मुलगे आहेत ना! उद्याचे राजे!" परमुलखाची राणी झालेली लेक म्हणाली.

"राणीसाहेब, ते त्यांच्या बापाच्या घराण्याचे."

लोहारानं हातोडा उचलला. राणी त्याच्यापाशी गेली आणि हळूच म्हणाली, "दादा, आता तरी बोल की रे!"

"मी लोहाराच्या पोरीशी लग्न केलं, त्या दिवशी बाबा म्हणाले होते, माझा मुलगा मेला. मेलेला माणूस काय बोलणार, पोला?"

बापाचा शब्द त्यानं एकाच घावात खरा केला.